घराण्याचा वारसा चित्रात आणायचाय? मग चिन्हं बाजूला ठेवा, आधी घरातली एक वस्तू निवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे की घरात जुने फोटो, पत्रं, आजीचे कपडे, आजोबांची हत्यारं असं बरंच काही साठलंय, त्यातून आपलं घराणं आणि आपली संस्कृती दाखवणारं एक मोठं चित्र किंवा कोलाज करायचंय, दोनतीनदा करून पाहिलं पण दर वेळी ते पर्यटनाच्या पोस्टरसारखं दिसतं आणि घरच्यांना दाखवलं तर सगळे छान म्हणतात पण कोणी त्याच्यासमोर थांबत नाही. मी बरीच वर्षं मिश्र माध्यमात काम करतेय, घरगुती आर्काइव्ह घेऊन काम कसं करायचं याची वर्कशॉप्सही घेते, आणि शब्द वेगळे असले तरी हाच प्रश्न जवळजवळ प्रत्येक बॅचला येतो, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

पोस्टर का होतं ते आधी बघू. तुम्ही सुरुवात "आमची संस्कृती" इथून करताय आणि मग ती दाखवायला जे पहिलं सुचतं ते काढताय, म्हणजे पारंपरिक पोशाखातली बाई, सगळ्यांच्या ओळखीची नक्षी, एखादं वाद्य, एखादी इमारत आणि मधोमध आजोबांचा फोटो. यातलं काही खोटं आहे असं नाही. पण ही चिन्हं तुमच्या समाजातल्या लाखो घरांची सामायिक आहेत, आणि बऱ्याचदा बाहेरच्या माणसाला आपण कोण ते पटकन कळावं म्हणूनच ती रुळलेली असतात, त्यामुळे ती वापरली की चित्र बाहेरच्यांशी बोलायला लागतं आणि घरातली माणसं त्यातून गळून जातात. माझं म्हणणं असं की उलट्या बाजूने या. एक वस्तू, हाताची एक सवय, एक खोली, घरात कोणालाच न सुटलेला एक प्रश्न, इतकं लहान काहीतरी घ्या जे फक्त तुमच्याच घरात होतं. संस्कृती त्याच्यासोबत आपोआप येते, तिला वेगळं आमंत्रण लागत नाही, कारण ती वस्तू कोणत्या मापाने बनवली, मोडल्यावर कशाने सांधली, घरात तिला हात लावायची मुभा कोणाला होती आणि कोणाला नव्हती, या सगळ्यात ती आधीच मुरलेली असते.

"पण आमच्याकडे फोटो तर भरपूर आहेत" असं कोणी म्हणालं की मी क्रिस्तियान बोल्तान्स्की या फ्रेंच कलावंताचं एक काम दाखवते. 1971 मध्ये त्याने एका मित्राच्या घरचे 1939 ते 1964 या काळातले फोटो घेतले, त्यातले 150 फोटो भिंतीवर रांगेत लावले. त्या घरातलं कोणी आपल्या ओळखीचं नाही, तरी बघताना सगळं आधी पाहिल्यासारखं वाटतं, कारण कॅमेरा समोर आला की आपण सगळेच ठरावीक प्रसंगी ठरावीक पद्धतीने उभे राहतो. सुट्टी, समारंभ, नवीन बाळ, नवीन कपडे. म्हणजे अल्बममधून त्या विशिष्ट घराबद्दल फार थोडं कळतं आणि एकंदर घर नावाच्या प्रकाराबद्दल जास्त कळतं. फोटो वापरू नका असं मी म्हणत नाहीये, खाली त्याच्यावरच सगळ्यात जास्त लिहिलंय, पण घर रोज कसं चालायचं, कोणाच्या हातात काय असायचं, कोण कुठे बसायचं, हे बहुतेक वेळा चौकटीच्या बाहेर राहिलेलं असतं आणि तुम्हाला हवंय ते तिथे आहे.

याचं मला सगळ्यात भिडणारं उदाहरण म्हणजे अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या गोधड्या. गुलामगिरीत राबलेल्या कुटुंबांच्या वंशजांची ही वस्ती, इथल्या बायका पिढ्यान् पिढ्या घरात पांघरायला म्हणून गोधड्या शिवत आल्या, आणि 2002 मध्ये त्याच गोधड्या आधी ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतीवर लागल्या. त्यात मिसूरी पेटवे यांनी 1942 मध्ये शिवलेली एक गोधडी आहे. नवरा गेल्यावर त्यांनी त्याचे कामावर घालायचे कपडे उसवून त्याच्या पट्ट्या केल्या आणि त्याची आठवण अंगावर घेऊन झोपता यावं म्हणून गोधडी केली, हे त्यांच्या मुलीने पुढे सांगितलंय. त्यात कोणाचा चेहरा नाही, कसलं चिन्ह नाही. कामाच्या कपड्यांच्या अशा गोधड्यांमध्ये गुडघ्यावर विरलेलं कापड दिसतं, उन्हाने विटलेला निळा दिसतो, जिथे खिसा होता तिथे न विटलेला गडद चौकोन दिसतो. माणूस काय काम करायचा, किती उन्हात करायचा, घरात नवं कापड घ्यायची ऐपत होती की नाही, सगळं त्यात आहे. आणि ते कोणी "दाखवायला" गेलेलं नाही.

इथून पुढची पायरी अशी की घरात जे काम चालायचं तेच तुमचं तंत्र होऊ शकतं. फेथ रिंगगोल्ड (1930–2024) या न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत वाढलेल्या चित्रकार, त्यांची आई विली पोझी कपडे डिझाइन करायची आणि शिवायची, आणि घराण्यात गोधड्या शिवण्याचा धागा पार गुलामगिरीत राबलेल्या खापरपणजीपर्यंत मागे जातो. 1980 मध्ये त्यांनी आईबरोबर मिळून "एकोज ऑफ हार्लेम" ही पहिली गोधडी केली, पुढच्याच वर्षी आई गेली, आणि 1983 पासून त्यांनी रंगवलेली चित्रं, जोडलेलं कापड आणि हाताने लिहिलेला मजकूर एकत्र करून गोष्टी सांगणाऱ्या गोधड्या करायला घेतल्या. आज त्या गोधड्या मोठमोठ्या म्युझियममध्ये आहेत. पण माझ्यासाठी त्यातली शिकायची गोष्ट अशी की आईचं पोर्ट्रेट काढत बसण्याऐवजी त्यांनी आईचं कामच स्वतःच्या कामात घेतलं. तेव्हा तुमच्या घरात कोणी हिशेब लिहिणारं असेल तर वहीच्या उभ्याआडव्या रेषा हीच चित्राची रचना करून बघा, सुतारकाम करणारं असेल तर लाकडावर पेन्सिलने मारलेल्या खुणा, मापं, काटकोन हे तुमचं रेखाटन, शिवणकाम असेल तर कागदी पॅटर्न आणि त्यावरच्या तुटक रेषा, टायपिस्ट असेल तर टाइपरायटरची अक्षरं आणि कार्बन कॉपीचा तो निळसर काळा. कागदावर हे अगदी कोरडं वाटतं पण करून बघा, हात त्या हालचालीत गेला की माणूस आठवायला लागतो.

वस्तू निवडायची कशी? मी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना घरातल्या पाच वस्तू आणायला सांगते आणि प्रत्येकीबद्दल दोन मिनिटं बोलायला लावते. ज्या वस्तूबद्दल माणूस "ही आमच्या आजीची, खूप जुनी आहे" यापुढे जात नाही ती बाजूला ठेवायची, आणि जिच्याबद्दल बोलताना मध्येच हात हवेत हलायला लागतात, म्हणजे ती कशी धरायची, कशी उघडायची हे दाखवायला लागतात, ती घ्यायची. बहुतेक वेळा ती सगळ्यात सुंदर वस्तू नसते. कडी तुटलेली पेटी असते किंवा झिजून एका बाजूला कललेली कात्री असते. घराण्यातली दिमाखदार वस्तू निवडायचा मोह होतो, मला तो समजतो, पण दिमाखदार वस्तू सहसा कपाटात राहिलेली असते आणि वापरलेली वस्तू माणसांमध्ये राहिलेली असते.

मग घरातल्या मोठ्या माणसांशी बोला, आणि हे काम कशाच्याही आधी करा, चित्र थांबू शकतं, ते माणूस थांबेलच असं नाही. फोनवर रेकॉर्डिंग करा, सुरुवातीला नाव आणि तारीख बोलून घ्या, फोन टेबलावर तसाच ठेवण्याऐवजी खाली एखादं कापड ठेवा म्हणजे टेबलाची खडखड येत नाही, आणि एका बैठकीत तासाभराच्या वर जाऊ नका. "तुमच्या काळी कसं होतं" असा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर भाषण येतं. फोटो किंवा वस्तू हातात द्या आणि गप्प बसा. मग लहान प्रश्न: त्या खोलीत उजेड कुठून यायचा, ही पेटी कुठे ठेवलेली असायची, तिचा आवाज कसा होता, भिंतीचा रंग काय, ही मोडली तेव्हा कोण चिडलं होतं. चित्रकाराला तारखांपेक्षा हे जास्त लागतं. आणि त्यांच्या हातांचा व्हिडिओ घ्या, नुसत्या हातांचा, ती वस्तू वापरताना. मी नंतर रेखाटनं करते ती बहुतेक त्या व्हिडिओवरून.

घर सुटलंय, वस्तूच उरल्या नाहीत, अशी परिस्थिती असेल तर जागेपासून सुरुवात करा. झरीना (1937–2020) या अलीगढला जन्मलेल्या कलावंत, त्यांच्या घरचे पुढे पाकिस्तानात गेले, आणि त्या स्वतः लग्नानंतर देशोदेशी फिरत शेवटी न्यूयॉर्कला राहिल्या. त्यांचा 1999 चा "होम इज अ फॉरेन प्लेस" हा 36 वुडकट छापांचा, म्हणजे लाकडी ठशावरून काढलेल्या छापांचा, संच आहे, प्रत्येक छापावर एक उर्दू शब्द, घर, उंबरठा, दार, अंगण, भिंती असे, आणि त्या शब्दाची मोजक्या काळ्या रेषांतली आकृती. कुठेही माणूस नाही, सजावट नाही, तरी ते एका माणसाचंच घर आहे याबद्दल शंका राहत नाही, एक तर त्या रेषा घराच्या नकाशातून आल्यात म्हणून, आणि दुसरं म्हणजे ती भाषा आणि ती लिपी त्यांच्या घरातली आहे म्हणून. वडिलांच्या घराचा नुसता नकाशाही त्यांनी एचिंगमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापायच्या पद्धतीत, केलाय. कोरियाचे कलावंत दो हो सू यांनी तर 1999 मध्ये सोलमधलं आईवडिलांचं पारंपरिक घर अर्धपारदर्शक रेशमात जसंच्या तसं शिवलं, ते घडी करून नेता येतं, आणि ते ज्या ज्या शहरात टांगलं जातं त्या शहराचं नाव शीर्षकाला जोडलं जातं. स्थलांतर या विषयावर इतकं साधं आणि इतकं नेमकं काम मी फार थोडं पाहिलंय. नंतर त्यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या राहत्या अपार्टमेंटच्या आतल्या सगळ्या पृष्ठभागांवर कागद लावून रंगीत पेन्सिलने घासून ठसे घेतले, भिंती, स्विच, दाराच्या मुठी, सगळं.

हे घासून ठसा घ्यायचं काम कोणीही करू शकतं. पातळ पण चिवट कागद घ्या, कडा कागदी टेपने चिकटवा, आणि मेणाचा खडू किंवा मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा, जोर लावला की कागद फाटतो आणि बारीक ओरखडेही दिसत नाहीत. जुनं घर पाडायचं किंवा विकायचं ठरलं असेल तर दाराची चौकट, पायरीची झिजलेली कड, भिंतीवरच्या मुलांच्या उंचीच्या खुणा यांचे ठसे आधी घेऊन ठेवा, चित्र नंतर सुचेल. आणि घर आधीच गेलेलं असेल तर भावंडांना, काका, आत्या, मावश्यांना वेगवेगळं बसवून आठवणीतून घराचा नकाशा काढायला सांगा. एकमेकांचा बघू द्यायचा नाही, कोणाचा दुरुस्त करायचा नाही. मग ते सगळे ट्रेसिंग पेपरवर एकावर एक ठेवा. कोणाच्या नकाशात एक खोली अवाढव्य असते, कोणाच्या नकाशात ती खोलीच नसते, खिडक्या जागा बदलतात, आणि जिथे सगळ्यांच्या रेषा एकमेकांवर बसतात ती जागा बघून अंगावर काटा येतो. मी हा प्रयोग सुचवलेल्या घरांपैकी काहींनी त्या थरांचंच अंतिम काम केलं आणि ते उत्तम झालं.

वंशवृक्ष काढायचाय असं बरेच जण म्हणतात. काढा, पण मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो हिचं 1936 चं "माझे आजीआजोबा, माझे आईवडील आणि मी" हे चित्र आधी नीट बघा, न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये आहे. धातूच्या पत्र्यावर रंगवलेलं हे चित्र जेमतेम 31 बाय 35 सेंटिमीटरचं आहे. लहान फ्रिडा घराच्या अंगणात उभी, तिच्या हातात लाल फीत, ती फीत वर जाऊन दोन्हीकडच्या आजीआजोबांना जोडते, आईकडचे मेक्सिकोच्या डोंगरांवर आणि वडिलांकडचे समुद्रावर, कारण वडील समुद्रापलीकडून आलेले, आणि मध्ये आईवडील त्यांच्या लग्नाच्या फोटोतल्या पोझमध्ये. दोन वेगळ्या मुळांमधून आलेलं मूल, ही सगळी गुंतागुंत तिने जमीन, पाणी आणि एक फीत एवढ्यात बसवली. तुम्ही म्हणालात की "मोठं" चित्र करायचंय, तर मी आग्रहाने सांगेन की आधी लहान करा. लहान मापात भरताड चालत नाही, कोण राहणार आणि कोण जाणार हे ठरवावंच लागतं.

आता फोटो. जुन्या फोटोंचं करायचं काय यासाठी कलावंत विवान सुंदरम यांचं "री-टेक ऑफ अमृता" (2001–02) हे काम बघण्यासारखं आहे. प्रसिद्ध चित्रकार अमृता शेरगिल त्यांच्या मावशी, आणि आजोबा उमरावसिंग शेरगिल हे स्वतःचे आणि घरच्यांचे वर्षानुवर्षं फोटो काढणारे गृहस्थ. नातवाने तेच फोटो घेऊन कॉम्प्युटरवर नवीन प्रसंग रचले, वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या शहरांतली माणसं एका खोलीत आणली, आरशात दुसरंच कोणीतरी दिसतं, मुलगी आणि बाप एकमेकांकडे असे बघतात जसे मूळ फोटोत कधी बघितले नव्हते. म्हणजे फोटोला पुरावा म्हणून न वापरता प्रश्न विचारायला वापरलंय, आणि मला वाटतं फोटो घेऊन काम करणाऱ्याने हा फरक स्वतःशी स्पष्ट करून घ्यायलाच हवा. तुमच्या फोटोत कोण नेहमी कडेला उभं आहे, कोणाचा अर्धाच चेहरा आलाय, सगळे फोटो कोणी काढले आणि म्हणून ते माणूस एकाही फोटोत का नाही, तिथून चित्र सुरू होतं.

दुसरं उदाहरण न्जिडेका अकुनयिली क्रॉसबी या चित्रकार बाईंचं. नायजेरियात 1983 मध्ये जन्म, शिक्षण आणि काम अमेरिकेत. त्यांच्या मोठ्या चित्रांत आजच्या घरातला साधा प्रसंग असतो, आणि भिंती, फरशा, कपडे यांच्यावर जवळ गेल्यावर दिसतात असे शेकडो लहान फोटो उतरवलेले असतात, घरचे फोटो, नायजेरियन मासिकांतले चेहरे, आईचा चेहरा छापलेलं कापड. लांबून एका घराचं चित्र आणि जवळून दुसरा देश. दोन संस्कृतींत वाढलेल्या माणसाने अर्धं चित्र इकडचं आणि अर्धं तिकडचं असं मधोमध कापू नये, हे मला त्यांच्याकडे बघून पटलं, कारण कोणीच तसं मधोमध कापून जगत नाही.

असं ट्रान्सफर, म्हणजे छापलेला फोटो दुसऱ्या पृष्ठभागावर उतरवायचं काम, घरी करायचं तर लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स लागते, इंकजेटची शाई बहुतेक वेळा पाण्याने पसरते. फोटो आरशातल्यासारखा उलटा करून प्रिंट काढायचा, नाहीतर अक्षरं आणि चेहरे उलटे येतात. कागदावर किंवा कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक जेल मीडियम या घट्टसर चिकट माध्यमाचा सारखा थर द्यायचा, प्रिंट पालथी ठेवून मधून कडेकडे दाबत हवा काढायची, रात्रभर वाळू द्यायचं, मग ओल्या स्पंजने भिजवून बोटाने हळूहळू कागदाचा लगदा काढायचा, टोनर, म्हणजे प्रिंटची शाई, त्या मीडियममध्ये राहतो. घाई केली की चेहरा जातो. अ‍ॅसिटोननेही होतं पण त्याला मोकळी हवा, हातमोजे आणि आसपास ज्योत नसणं हे तिन्ही लागतं, मुलं असलेल्या घरात मी ते सांगत नाही. कापडावर करायचं असेल तर सायनोटाइप, म्हणजे उन्हाने निळा फोटो छापायची पद्धत, फार छान, 1842 मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधलेली, फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड यांची द्रावणं मिसळून मंद उजेडात सुती कापडावर लावायची, वाळवायची, वर पारदर्शक शीटवर छापलेली निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायची आणि साध्या पाण्यात धुवायची. निगेटिव्ह जेवढी तेवढाच फोटो येतो, म्हणून मापाची काढा. निळा रंग साबण, सोडा अशा अल्कलीने उडतो, तेव्हा ते कापड नंतर नेहमीच्या पावडरने धुवू नका, आणि सतत कडक उजेडातही टांगू नका.

मूळ फोटो, मूळ पत्र, मूळ कापड चित्रात चिकटवू नका. हे मी वर्कशॉपच्या पहिल्या तासाला सांगते आणि इथेही सांगते. चित्र तुमचं आहे, पण ती वस्तू तुमच्यानंतर येणाऱ्यांचीही आहे, आणि फेव्हिकॉल किंवा जेल मीडियम लागलं की ती परत निघत नाही. लहान फोटो निदान 600 डीपीआयला स्कॅन करा, टिफ फाइल ठेवा, मागची बाजूही स्कॅन करा कारण तिथे कोणीतरी काहीतरी लिहिलेलं असतं आणि ते अक्षर फोटोइतकंच मोलाचं असतं. नवीन नोंद करायची तर मागे कडेला मऊ पेन्सिलने, बॉलपेनने नाही. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो शक्य तितक्या लवकर काढा, पण ओढून नाही, अडकला तर दातांच्या फ्लॉसचा दोरा मागून हळू सरकवा, आणि तरीही निघत नसेल तर तसाच पानासकट स्कॅन करा. जुनं रेशीम घडीवर तुटतं, त्याला धुवायचं नाही, इस्त्री नाही, आम्लरहित कागदावर गुंडाळून ठेवायचं. मूळ कापड दाखवायचंच असेल तर ते दुसऱ्या सुती कापडावर बारीक टाक्यांनी हलकं टाचा आणि उजेड कमी ठेवा, म्युझियममध्ये कापडासाठी साधारण 50 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) एवढाच मंद उजेड ठेवतात, म्हणजे खिडकीसमोरची भिंत बाद.

परंपरेतली शैली वापरायची की नाही, यावर खूप वाद होतात. माझं मत असं की शैली तुमच्या घरातून हातात आली असेल तर तिला आजचं आयुष्य सोसू द्या. मिथिला चित्रकार गंगादेवी (1928–1991) यांची रेघ परंपरेत घडलेली, अतिशय बारीक, आणि त्याच रेघेने त्यांनी अमेरिकेत पाहिलेला रोलर कोस्टर काढला आणि स्वतःला कॅन्सर झाल्यावर त्या आजाराची, हॉस्पिटलची मालिकाही काढली. परंपरा जपणं म्हणजे तेच ते विषय परत काढणं, असं समजणाऱ्यांनी ती चित्रं जरूर बघावीत. पण शैली तुमच्या घरातली नसेल, दुसऱ्या समाजाची असेल आणि फक्त दिसायला छान किंवा "मुळाशी जोडणारी" वाटते म्हणून घेताय, तर थांबा. काही आकृत्या काढायचा अधिकार ठरावीक घराण्यांकडेच असतो. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कलावंतांची चित्रं परवानगी न घेता गालिच्यांवर विणून विकली गेली तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि 1994 मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने कलावंतांच्या बाजूने निकाल दिला, भरपाई ठरवताना त्यांच्या समाजात झालेल्या सांस्कृतिक हानीचाही विचार केला. पवित्र आकृती लोकांच्या पायाखाली आली होती, आणि आपल्या समाजासमोर त्याचा जाब कलावंतांनाच द्यावा लागणार होता. आजीआजोबा त्या समाजाचे होते पण तुमचा संबंध तुटलाय, असं असेल तर तो तुटलेपणाच चित्रात घ्या, ती आकृती उसनी आणण्यापेक्षा ते जास्त खरं आहे.

आणि जिथे माहितीच नाही? एखादी पणजी जिचं नावही कोणाला आठवत नाही, पळून आलेलं कुटुंब ज्यांच्याकडे एक कागद नाही. तिथे काल्पनिक चेहरा काढून ती जागा भरायची घाई करू नका. रिकामी चौकट ठेवा, न छापलेला भाग ठेवा, टाके घालून धागा लोंबता सोडा. बघणाऱ्याला ती रिकामी जागा लगेच जाणवते, आणि घरच्या लोकांमध्ये तिथूनच बोलणं सुरू होतं, कोणीतरी म्हणतं अरे मला वाटतं तिचं नाव अमुक होतं. हे मी बऱ्याचदा घडताना पाहिलंय.

हयात माणसांचं मात्र वेगळं आहे. त्यांचं पत्र, त्यांचं आजारपण, त्यांचं मोडलेलं लग्न हे तुमच्या घराण्याचा भाग असलं तरी ते आधी त्यांचं आहे, तेव्हा काम बाहेर कुठे लावायच्या आधी त्यांना एकट्याला दाखवा, सगळ्यांसमोर नाही, कारण सगळ्यांसमोर माणूस नाही म्हणू शकत नाही. नको म्हणाले तर तो भाग काढा. मी यात तडजोड करत नाही, कितीही चांगलं चित्र असलं तरी.

चित्रात मजकूर घेणार असाल तर कॉम्प्युटरचा फॉन्ट वापरण्याआधी घरातलं हस्ताक्षर शोधा, वहीतलं, पत्रातलं, फोटोच्या मागचं. स्कॅन करून मोठं करा, मग ते अक्षर स्वतःच्या हाताने गिरवा, पेन कुठे उचललंय, कुठे दाबलंय ते कळतं. भाषांतर शेजारी लिहायची गरज नसते, ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते कोणाचं तरी अक्षर आहे एवढं समजतं.

तुमच्यासाठी क्रम लावायचा तर आधी रेकॉर्डिंग आणि स्कॅनिंग, मग एका वस्तूची वहीत भरपूर रेखाटनं, मग लहान मापाची चारपाच कामं प्रत्येक वेगळ्या तंत्रात, आणि त्यातलं एखादं घरच्यांपैकी कोणीतरी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिलं की तेच मोठं करायला घ्या. झाल्यावर चित्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा: मूळ वस्तू कोणाची, आत्ता कोणाकडे आहे, फोटोत डावीकडून कोण कोण, रेकॉर्डिंग कुठल्या फोल्डरमध्ये आहे, तुमचं नाव आणि वर्ष.